ग्लो इंजिनाच्या (मिथेनॉलवर चालणाऱ्या छोट्या इंजिनाच्या) जुन्या कंट्रोल लाइन विमानाला, म्हणजे हातातल्या तारांनी गोलाकार उडवायच्या मॉडेल विमानाला, इलेक्ट्रिक मोटर लावताना बॅटरी कुठे बसवावी?
इंधनाच्या टाकीच्या जागी, मोटरच्या मागे. पण कायमची चिकटवू नका. आराखडा ०.३५ घनइंच इंजिनाचा असेल तर साधारण ४ सेलची, २२०० ते २८०० एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) लागते आणि नाकातली सर्वांत जड वस्तू तीच ठरते. म्हणून बॅटरीचा ट्रे २-३ सेंटिमीटर लांब ठेवा, बॅटरी पुढेमागे सरकवता आली पाहिजे. गुरुत्वमध्य, म्हणजे विमान ज्या बिंदूवर तोलले जाते तो, बॅटरीसकटच तपासा. तो फार मागे गेला तर विमान आवरत नाही. पंखाच्या टोकातून तारा गुरुत्वमध्याच्या किंचित मागून निघाव्यात, नाहीतर नाक आत वळून ताण सुटतो.

थंड करणारी हवा बाहेर जायचे भोक आत येणाऱ्यापेक्षा मोठे, शक्यतो दुप्पट. हे हमखास राहून जाते आणि ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे सर्किट) तापून हवेतच बंद पडतो. मोटर बंद करणारा टायमर असा लावा की उतरल्यावर बॅटरीत २० टक्के तरी उरतील. ही जुळणी प्रोपेलर काढूनच करा.