स्क्वेअर फुटाचा रेट सांगण्याआधी प्लायच्या शीट मोजा

खानापुरातल्या (बेळगाव जिल्हा) थ्री बीएचकेचे मालक इंटिरिअरच्या कामाचा "फुटाला किती, एवढंच सांगा" म्हणतात आणि आकडा द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. प्लॅन हातात नसताना देऊ नका. तोंडी सांगितलेला रेट शेवटच्या बिलापर्यंत तुमच्याच गळ्यात राहतो.

एक वॉर्डरोब घ्या: ७ फूट रुंद, ७ फूट उंच, २ फूट खोल, दोन उभी पार्टिशन, सहा कप्पे, सहा शटर (दारं). १८ एमएमच्या ८ बाय ४ शीटमधून ७ बाय २ चे दोन तुकडे निघतात. बाजू, पार्टिशन, वरचा आणि खालचा भाग मिळून असे सहा तुकडे, म्हणजे ३ शीट. कप्प्यांना १, शटरना २. एकूण ६, शिवाय पाठीला ६ एमएमच्या २. आता उंची पावणेआठ फूट करा. शीट तेवढ्याच लागतात, पण दर्शनी माप (रुंदी गुणिले उंची) ४९ वरून ५४ चौरस फुटांवर जातं. उलट उंची ७ च ठेवून वॉर्डरोबची खोली सव्वादोन फूट केली, तर दर्शनी माप ४९ च राहतं, पण चार फुटी शीटमधून दोन पट्ट्या निघत नाहीत. शटर उरलेल्या पट्ट्यांतून काढली तरी ६ च्या ८ शीट होतात. दर्शनी फुटाच्या रेटमध्ये या दोन शीट तुमच्या खिशातून जातात. ड्रॉवर, त्यांचे चॅनेल (सरकपट्ट्या), सॉफ्ट क्लोज बिजागरी यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही.

म्हणून कोटेशन वस्तूवार करा. प्रत्येक वस्तूपुढे माप, प्लायचा ग्रेड (किचनला आयएस ७१०, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन ग्रेड), बाहेरचा लॅमिनेट १ एमएम की आतला ०.८, हार्डवेअरचा ब्रँड आणि नग लिहा. तोडफोड, इलेक्ट्रिक, प्लंबिंग, हमाली यांतलं काय धरलेलं नाही, तेही लिहा. कोटेशनची मुदत १५ दिवस ठेवा.

डिझाइनची फी या कोटेशनमध्ये मिसळू नका. खर्चाच्या टक्क्यांवर फी घेतली की महाग वस्तू सुचवल्यावर मालकाला शंका येते, आणि ती रास्तच असते. माझ्या मते ठरावीक रक्कम बरी. ड्रॉइंग सुरू करण्याआधी २५ टक्के घ्या, बदल दोनदा मोफत, पुढच्या प्रत्येक बदलाचे पैसे वेगळे. दुकानदाराकडून कमिशन घेत असाल तर मालकाला आधी सांगा. नंतर कळलं तर पुढची चार घरं जातात.

सीमेपलीकडचं, महाराष्ट्रातल्या चंदगड किंवा गडहिंग्लजचं काम घेतलं तर एक लक्षात ठेवा. तुमची जीएसटी नोंदणी कर्नाटकात असली, तरी इंटिरिअरच्या सेवेला जागा जिथे आहे ते राज्य धरतात. त्यामुळे त्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी (एकाच राज्यातल्या व्यवहाराचा) नाही, आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा) लागतो.

आणि खानापूरचा पाऊस वेळापत्रकात धरा. ओल्या हवेत लाकडावरच्या मेलामाइन पॉलिशवर पांढरी झाक येते, मग घासून परत मारावं लागतं. पॉलिश पावसाळ्यानंतर होईल हे कोटेशनमध्येच लिहा, आणि त्या टप्प्याचे पैसेही तेव्हाच मागा.