वाचकांचे प्रश्न : डॉर्सेटचा किनारा पाहायला जाताना

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही निवृत्त असून कोथरूडला राहतो. मुलगा इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला नोकरी करतो. येत्या जूनमध्ये त्याच्याकडे जाणार आहोत आणि शेजारच्या डॉर्सेट काउंटीत चार दिवस काढण्याचा विचार आहे. नऊ वर्षांच्या नातवाला डायनोसॉरचे वेड आहे. माझ्या गुडघ्यांना मात्र फार चढउतार सोसत नाही. मुलाने पंधरा ठिकाणांची यादी पाठवली आहे. त्यातले काय ठेवावे आणि काय गाळावे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : पंधरांपैकी चारच ठिकाणे ठेवावीत आणि कोणत्या दिवशी कुठे जायचे ते भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून ठरवावे, असे माझे आपल्याला आग्रहाचे सांगणे आहे. आपण पुणेकर समुद्रापासून लांब राहतो, त्यामुळे पाण्याची वेळ पाहून घराबाहेर पडण्याची सवय आपल्याला नसते. कोकणातला माणूस मात्र नुसत्या तिथीवरून उधाण, म्हणजे मोठी भरती, केव्हा आणि भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी, केव्हा ते सांगतो. डॉर्सेटलाही नियम तोच आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत वर चढते आणि तितकेच खाली ओसरते.

पहिला मान लाइम रीजिस आणि चारमथ या शेजारच्या दोन गावांना द्यावा. पूर्व डेव्हन आणि डॉर्सेट मिळून सुमारे १५० किलोमीटरचा हा किनारा ‘जुरासिक कोस्ट’ म्हणून ओळखला जातो आणि २००१ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्याच्या कड्यांमध्ये सुमारे साडेअठरा कोटी वर्षांचे थर उघडे पडलेले आहेत आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे जावे तसतसे ते जुन्याकडून नव्याकडे येत जातात. नातवाला एक गोष्ट जरूर सांगावी : त्या किनाऱ्यावरचे सर्वांत नवे, खडूचे पांढरे थर तयार झाल्यावर, भूशास्त्राच्या मापाने थोड्याच काळाने, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आपल्या दख्खनवर तो लाव्हारस पसरला, ज्याच्या काळ्या पाषाणावर आज पर्वती उभी आहे. त्यांची बखर संपते तिथून जवळच आपली सुरू होते.

चारमथच्या किनाऱ्यावर करड्या चिकणमातीचे कडे सतत ढासळत असतात आणि लाटा ती माती धुऊन आतले जीवाश्म वाळूवर टाकतात. मी तिथे तासभर वाकून वाकून शोधत होतो. शेवटी एका ओल्या चपट्या दगडाच्या बाजूला नखाएवढे पितळी रंगाचे वेटोळे चमकले. तो अमोनाइट, म्हणजे फार पूर्वी नामशेष झालेला वेटोळ्या शंखाचा सागरी प्राणी, होता. तळहातावर घेऊन अंगठ्याने माती पुसली, तेव्हा त्याच्या बारीक कंगोऱ्यांचा स्पर्श अगदी ओळखीचा वाटला, कारण आमच्या देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामाच्या आतले चक्र मी लहानपणापासून बोटाने चाचपत आलो आहे. गंडकीच्या पात्रातला शाळिग्राम म्हणजेही अमोनाइटचाच जीवाश्म. ही जोडी आजोबांनी नातवाला दाखवण्यासारखी आहे.

तिथे वाळूवर सुटे पडलेले जीवाश्म उचलता येतात, परंतु कड्यावर हातोडा चालवू नये आणि कड्याच्या पायथ्याशी मुळीच थांबू नये, कारण दरड पूर्वसूचना देत नाही. याच किनाऱ्यावर मेरी ॲनिंग (१७९९–१८४७) या सुताराच्या मुलीने इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर या सागरी सरपटणाऱ्या प्राण्यांचे सांगाडे शोधले. १८३३ मध्ये तिचा सोबती कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत दरडीखाली गेला. लंडनच्या भूशास्त्र संस्थेने तिच्या हयातीत स्त्रियांना सभासदत्व दिले नाही, ते १९१९ पर्यंत दिले नाही, हे वाचताना आजही मन अस्वस्थ होते. तिचा पुतळा २०२२ मध्ये लाइम रीजिसला उभा राहिला आहे. त्याच्यापाशी दोन मिनिटे थांबावे. ओहोटी लागल्यावर शोधाला निघावे आणि पाणी चढू लागण्यापूर्वी परतावे. दोन गावांमधला वाळूचा रस्ता भरतीत बुडतो.

दुसरा दिवस लल्वर्थ कोव्हसाठी. समुद्राने कठीण चुनखडीची बाहेरची भिंत एका जागी फोडली आणि मागची मऊ माती पोखरून जवळजवळ गोल बंदर केले. उताराचा रस्ता थेट पाण्यापर्यंत जातो, त्यामुळे आपल्याला त्रास होणार नाही. तिथून जवळच डर्डल डोअर ही प्रसिद्ध दगडी कमान आहे, परंतु वाट चांगलीच उभी आहे आणि खाली उतरायला पायऱ्या आहेत. ती मुलाने आणि नातवाने पाहून यावी. साउथॅम्प्टनहून वेमथकडे जाणारी रेल्वे वूल स्थानकावर थांबते, तेथून लल्वर्थ जवळ पडते. लाइम रीजिसला मात्र रेल्वे नाही.

तिसऱ्या दिवशी स्वॉनेजहून वाफेच्या इंजिनाच्या गाडीने कॉर्फच्या किल्ल्याला जावे. इंग्रजांनी १८१८ मध्ये आपल्या गडांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या हे आपण जाणतो. इंग्लंडच्या यादवी युद्धात, १६४६ मध्ये, संसदेच्या पक्षाने आपल्याच देशातला हा किल्ला दारूने फोडला. कललेले बुरूज अजून तसेच आहेत.

चौथा दिवस ॲबट्सबरीसाठी राखावा. जूनमध्ये तिथल्या हंसांच्या वसाहतीत पिल्ले पाहायला मिळतात. जवळच चेझिल बीच हा सुमारे २९ किलोमीटर लांबीचा गोट्यांचा बांध आहे. पश्चिम टोकाला वाटाण्याएवढे असलेले गोटे पोर्टलंडकडे बटाट्याएवढे होत जातात, आणि रात्री होडी कुठे लागली हे कोळी गोट्याच्या आकारावरून ओळखत, असे सांगतात. गोट्यांवर चालणे गुडघ्यांना जड जाते, म्हणून तो टेकडीवरच्या रस्त्यावरून पाहावा. तिथून तो अधिक सुंदरही दिसतो. बाकीची अकरा ठिकाणे निःशंकपणे गाळावीत.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र दर रविवारी सिंहगड चढतो. डॉर्सेटमध्ये चार-पाच दिवसांची पायी भ्रमंती करायची आहे. कोणती काळजी घ्यावी?
— एक वाचक, धायरी

उत्तर : माइनहेडपासून पूल नावाच्या शहराच्या बंदराच्या मुखापर्यंत जाणारी साउथ वेस्ट कोस्ट पाथ ही पायवाट सुमारे १,०१४ किलोमीटरची असून तिचा शेवटचा भाग डॉर्सेटमधून जातो. तिथला गोल्डन कॅप हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा सर्वांत उंच कडा १९१ मीटरचा आहे. सिंहगड चढणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल, परंतु प्रत्येक खिंडीत समुद्रपातळीजवळ उतरून पुन्हा चढायचे असते आणि संध्याकाळपर्यंत पाय बोलू लागतात. मुख्य काळजी लल्वर्थच्या पूर्वेची घ्यावी. तिथे लष्कराचे गोळीबाराचे मैदान असून वाट बहुतेक शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत खुली असते, इतर दिवशी बंद राहते. याच मैदानात टाइनहॅम हे गाव आहे. डिसेंबर १९४३ मध्ये लष्करासाठी ते रिकामे करण्यात आले आणि गावकऱ्यांना परतता आले नाही. शाळा आणि चर्च जपून ठेवले आहे. घरांच्या नुसत्या भिंती उरल्या आहेत. हा टप्पा शनिवारी येईल अशा बेताने सुरुवातीचा दिवस निवडावा.

प्रश्न : मी शाळेत स्काउट शिक्षक आहे. ब्राउनसी बेट पाहण्यासारखे आहे का?
— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : अवश्य पाहावे. ऑगस्ट १९०७ मध्ये स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी सुमारे २० मुलांना घेऊन पहिले प्रायोगिक शिबिर याच बेटावर भरवले. पूल शहराच्या धक्क्यावरून होडी मिळते, परंतु ती हिवाळ्यात नियमित नसते. बेटावरच्या पाइनच्या झाडांत इंग्लंडमध्ये दुर्मीळ झालेली तांबडी खार दिसते. भीमाशंकरचा शेकरू पाहिलेल्यांना ती फारच चिमुकली वाटेल, पण सकाळी लवकर, न बोलता चालल्यास अगदी जवळून पाहता येते.