जरा पलीकडे जाल का?

वाचकांचे प्रश्न, छातीविकारतज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला दमा आहे. मागच्या महिन्यात आम्ही दोघं बसच्या रांगेत उभे होतो. पुढच्या गृहस्थांनी सिगारेट पेटवली. मी बराच वेळ गप्प राहिले, पण मुलाला ठसका लागला तेव्हा राहवलं नाही. म्हणाले, "कळत नाही का, लहान मूल आहे मागे!" ते वळून म्हणाले, "रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे?" रांगेतलं कुणी चकार शब्द बोललं नाही. आम्हीच बाजूला झालो, आणि बस चुकली. रात्री मुलगा म्हणाला, "आई, माझ्यामुळे भांडू नकोस ना." तेव्हापासून मी कुणालाच काही बोलत नाही. यजमान म्हणतात, उघड्यावर धुराने काही होत नाही. खरंच होत नाही का, डॉक्टर? आणि बोलायचं तर कसं बोलायचं?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मला बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही. कारण त्या गृहस्थांच्या जागी मी स्वतः उभा राहिलेलो आहे. मी १९ वर्षं सिगारेट ओढली, त्यातली बरीचशी डॉक्टर झाल्यानंतर.

आधी यजमानांच्या शंकेबद्दल. उघड्यावर धूर लवकर पांगतो, हे खरं. पण पांगण्याआधी तो कुणाच्या तरी नाकाशी असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ साली उघड्या जागांमधला धूर मोजून निष्कर्ष प्रसिद्ध केले. ओढणाऱ्याच्या दीड-दोन फुटांत, वारा आपल्याकडे येत असताना, धुराचे बारीक कण बंद खोलीतल्या इतके दाट होऊ शकतात. सहा-सात फुटांपलीकडे ते झपाट्याने कमी होतात. म्हणजे यजमान वीस फुटांवर उभे असतील तर त्यांचं बरोबर आहे. रांगेत मात्र आपण वीस फुटांवर नसतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात सिगारेट नुसती धुमसत असते. तो धूर फिल्टरमधून जात नाही, कमी तापमानाला अर्धवट जळून निघतो, आणि शेजाऱ्याच्या छातीत जातो तो बहुतांश हाच. आता हात खाली सोडून उभ्या असलेल्या माणसाची सिगारेट किती उंचीवर असते ते बघा. आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडाच्या जरा खाली, आणि धूर तर वर चढतो. मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा भरभर चालतो, श्वासनलिका अरुंद असतात, आणि दम्यात त्या आधीच सुजलेल्या असतात. तुमच्या मुलाचा ठसका हा नाजूकपणा नव्हे.

आता बोलण्याविषयी. १९८१ साली ताकेशी हिरायामा या जपानी संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वतः न ओढणाऱ्या ९१ हजारांहून जास्त बायकांची त्यांनी १४ वर्षं नोंद ठेवली होती. ज्यांचे नवरे ओढत, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जास्त होते. मी तेव्हा विद्यार्थी होतो, ग्रंथालयात बसून तो निबंध वाचला, खाली आलो आणि सिगारेट पेटवली. त्यानंतरही मी ११ वर्षं ओढत होतो. म्हणून सांगतो, रांगेतल्या माणसाला धोके सांगू नका. ते त्याला माहीत असतात, आणि त्या क्षणी ते ऐकून तो फक्त चिडतो.

मला दोन प्रसंग आठवतात. एकदा रेल्वेच्या फलाटावर एक जण ओरडला, "लाज नाही वाटत का?" मी ती सिगारेट थोटकापर्यंत ओढली आणि त्याच्यासमोर दुसरी पेटवली. त्याची मला आजही लाज वाटते. दुसऱ्यांदा एक आजी माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नातीला दमा आहे हो. गाडी येईपर्यंत जरा त्या खांबापलीकडे जाल का?" मी लगेच गेलो. त्यांनी मला विझवायला सांगितलंच नव्हतं. कुठे जायचं ते सांगितलं, किती वेळ ते सांगितलं, आणि चारचौघांत मला खाली मान घालायला लावली नाही.

यामागे शरीराचंही कारण आहे. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं उतरतं आणि तलफ येऊ लागते. बसमध्ये ओढता येणार नाही म्हणून माणूस रांगेतच पेटवतो. त्या वेळी "विझवा" म्हणणं म्हणजे त्याच्या हातातून काढून घेणं. "चार पावलं पलीकडे जाल का, रांगेतली तुमची जागा मी धरून ठेवते," हे त्याला जमण्यासारखं असतं. जागा धरण्याचं जरूर बोला. पुष्कळदा माणूस नंबर जाईल म्हणूनच हलत नाही.

आणि लवकर बोला. ताई, यात तुमचा दोष काढत नाही, पण तुम्ही ठसका लागेपर्यंत थांबलात. तोवर मनात इतका राग साठला होता की तोंडून विनंती निघणं शक्यच नव्हतं. काडी पेटताना दिसली की तेव्हाच बोला, आवाज तेव्हा आपोआप मऊ असतो.

तरीही कुणी ऐकणार नाही. माणूस दारू प्यायलेला असेल, टोळकं असेल, रात्रीची सामसूम असेल, तर बोलूच नका. मुलाला घेऊन वारा येतो त्या बाजूला सात-आठ फूट सरका. पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) पिशवीत तळाशी नको, वरच्या कप्प्यात असू द्या. छातीत घरघर सुरू झाली तर डॉक्टरांनी सांगितलेला डोस तिथेच द्या, घरी पोचायची वाट पाहू नका.

बंद जागेत मात्र हा समजुतीचा मार्ग मी सांगणार नाही. प्रतीक्षागृह, जिना, उपाहारगृह, कार्यालय इथे सरकून उपयोग नसतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्यांच्या, २००६ च्या अहवालात स्पष्ट म्हटलं आहे की दुसऱ्याच्या धुराची कुठलीही मात्रा निर्धोक नाही. वेगळी खोली, पंखे, हवा खेळती ठेवणं यांनी पूर्ण संरक्षण मिळत नाही. अशा ठिकाणी ओढणाऱ्याशी वाद घालू नका, जागेची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याच्याकडे जा, गरज पडली तर लेखी द्या. २९ मार्च २००४ रोजी आयर्लंडने पबसकट कामाच्या बंद जागांत धूम्रपानावर बंदी आणली, देशभर असं करणारा तो पहिला देश. ती बंदी आणली गेली तिथे काम करणाऱ्यांच्या आरोग्यासाठी. तिथल्या वाढप्याला एकेका गिऱ्हाइकाची मनधरणी करायला कुणी सांगितलं नाही.

राहिला तुमचा मुलगा. मला सगळ्यात जास्त काळजी त्याच्या त्या वाक्याची वाटते. आपल्या आजारामुळे आईचा अपमान झाला, असं त्याने मनाशी धरलं आहे. अशी मुलं पुढे धाप लागली तरी लपवतात, शाळेत चारचौघांत पंप घेत नाहीत. मी असे रुग्ण पाहिले आहेत, त्यांना मध्यरात्री दवाखान्यात आणावं लागतं. त्याला जवळ घेऊन सांगा की त्या दिवशी त्याचं काहीच चुकलं नव्हतं, आणि श्वास कोंडला की ताबडतोब सांगायचं. पुढच्या वेळी तुम्ही कुणाला शांतपणे विनंती कराल तेव्हा त्याला शेजारी राहू द्या. एखादा माणूस "हो, सॉरी" म्हणत बाजूला होताना त्याने पाहायला हवा.

प्रश्न : मी ओढतो. मी आलो की लोक तोंड फिरवतात. मी उभं तरी कुठे राहायचं? ई-सिगारेट घेतली तर चालेल का, तिची नुसती वाफच असते ना?

उत्तर : ती नुसती वाफ नसते. तिच्यात बहुधा निकोटीन असतं आणि बारीक कणही असतात, तेव्हा तीही गर्दीत नको. उभं राहायचं ते दारं, खिडक्या आणि रांगा यांच्यापासून दूर, वारा लोकांकडून तुमच्याकडे येत असेल अशा बाजूला. सिगारेट धरलेला हात खाली सोडू नका, मुलं त्याच उंचीवर असतात. थोटूक पूर्ण विझवूनच टाका. सोडायची इच्छा झाली, आधी प्रयत्न फसलेले असले तरी, मला पुन्हा लिहा. माझेही तीन प्रयत्न फसले होते.