पुटिका, पुडी आणि ‘वाहतूक करणारे’ जनुक

प्रश्न असा आहे: ‘सेक१८ हे जनुक पेशीत व्हेसिकल्सची वाहतूक करते’ हे वाक्य मराठीत बरोबर आहे का? आणि व्हेसिकलला, म्हणजे पेशीतल्या मालाच्या सूक्ष्म पिशवीला, कोणता शब्द वापरावा?

शब्द सांगणे सोपे आहे: पुटिका. संस्कृतात ‘पुट’ म्हणजे दुमडून केलेला खोलगट आकार, पानाचा द्रोण. त्याला लहानपणा दाखवणारा ‘-इका’ लागला. मूळ लॅटिन शब्दही असाच घडला आहे, पिशवी किंवा फोड या अर्थाच्या शब्दाला लघुत्वाचा प्रत्यय लागून. हे ‘पुट’ आपल्या घरातलेच आहे. नाकपुडी, पुडा आणि वाण्याकडची पुडी ही त्याचीच लेकरे. पुडीत माल असतो आणि कागद सगळीकडून मिटलेला असतो. पेशीतल्या पुटिकेतही माल असतो आणि भोवती सगळीकडून पटल, म्हणजे पातळ आवरण, असते. इतका नेमका शब्द असताना दुसरा शोधायची गरज वाटत नाही.

पर्याय म्हणून सुचणारे शब्द मात्र जपून वापरावेत. ‘कुपी’ची भिंत कडक असते, पण पुटिका एका पटलातून फुगून सुटते आणि दुसऱ्यात मिसळून जाते, कुपीला ते जमत नाही. ‘रिक्तिका’ (व्हॅक्यूओल) हा पेशीतला वेगळा, बहुधा बराच मोठा भाग आहे. ‘आशय’ अवयवांसाठी राखलेला बरा: मूत्राशय, शुक्राशय. ‘पीटिका’ही छापलेले दिसते, पण ते फोड या अर्थाच्या ‘पिटिका’, ‘पिडका’ यांच्या फार जवळ जाते. त्वचारोगातल्या व्हेसिकलला मात्र ‘पुटकुळी’च म्हणावे, तिथे पुटिका नको. अनेकवचन ‘पुटिका’च राहते: एक पुटिका, दहा पुटिका. पुटिकेत, पुटिकांमध्ये.

वाक्याचा खरा दोष क्रियापदात आहे.

जनुक काही वाहून नेत नाही. जनुकात प्रथिन बनवायची कृती लिहिलेली असते, काम प्रथिन करते. ‘जनुकामुळे’ म्हटले तर चालते, ‘जनुक करते’ म्हटले की कर्ता चुकतो. पण ‘सेक१८ प्रथिन वाहतूक करते’ अशी दुरुस्ती केली तरी वाक्य चूकच राहते, कारण हे प्रथिनही हमाल नव्हे.

रँडी शेकमन आणि पीटर नॉविक या जीवशास्त्रज्ञांनी पावाच्या यीस्टमध्ये ‘सेक’ जनुके शोधायला सुरुवात केली. पहिल्या उत्परिवर्ती, म्हणजे जनुक बिघडलेल्या, यीस्टचे वर्णन १९७९ मध्ये आले आणि १९८० मध्ये अशा जनुकांची संख्या २३ झाली. ‘सेक’ हे स्रवण या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आखूड रूप. (स्रवण म्हणजे पेशीने बनवलेला उपयोगी माल बाहेर सोडणे. टाकाऊ बाहेर टाकणे ते उत्सर्जन. या दोन शब्दांची सरमिसळ फार दिसते.) हे यीस्ट तापसंवेदी होते, म्हणजे २५ अंश सेल्सिअसला ठीक वाढायचे आणि ३७ अंशांवर अडायचे. अडल्यावर आत प्रथिने बनत राहतात, पण पेशीचा पृष्ठभाग वाढत नाही. त्यामुळे पेशी घनदाट होते आणि घनतेच्या चढत्या थरांत खाली बसते. हजारो पेशींतून बिघडलेल्या पेशी याच युक्तीने निवडल्या गेल्या.

सेक१८ बिघडलेल्या यीस्टला ३७ अंशांवर नेले की आंतर्द्रव्यजालिका (जिथून प्रथिने निघतात) आणि गॉल्गी संकुल (जिथे ती पुढे पोहोचतात) या पेशीतल्या दोन भागांमध्ये सुमारे ५० नॅनोमीटरच्या पुटिका साचतात. अशा २०,००० पुटिका ओळीत ठेवल्या तर एक मिलिमीटर भरेल. पुटिका तयार होतात, सुटतात, पण मिसळत नाहीत. सेक१२, सेक१३, सेक१६ किंवा सेक२३ बिघडले तर मुळात पुटिकाच बनत नाहीत. म्हणून सगळ्या ‘सेक’ जनुकांना एकच क्रियापद लावू नये.

सेक१८ नेमके काय करते? पुटिकेवर आणि ती जिथे जाणार त्या पटलावर स्नेअर नावाची प्रथिने असतात. ती एकमेकांत गुंफून चार पेडांचा घट्ट पीळ तयार होतो आणि त्या ओढीने दोन पटले एक होतात. काम झाले तरी पीळ सुटत नाही. सेक१७ त्या पिळाला चिकटते, आणि सहा एकसारख्या घटकांचे कडे असलेले सेक१८ एटीपीची, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची, ऊर्जा खर्चून पेड उलगडते. ते नसेल तर सगळी स्नेअर जुन्या पिळांतच अडकून पडतात आणि नव्या पुटिकेला मोकळा पेड मिळत नाही. सस्तन प्राण्यांतले असेच प्रथिन जेम्स रॉथमन यांच्या गटाने वेगळ्या वाटेने मिळवले होते. एनएसएफ हे त्याचे नाव. ते सेक१८चेच भावंड असल्याचे १९८९ मध्ये दिसले. २०१३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल शेकमन, रॉथमन आणि थॉमस स्यूडॉफ यांना मिळाले.

दोन पटले एक होण्याला ‘विलयन’ म्हणू नये, हिंदीत तो शब्द द्रावणासाठी आहे. अणुकेंद्रांसाठी रुळलेले ‘संमीलन’ इथेही शोभते.

एक अडचण लिपीची. यीस्टचे लोक धडधाकट जनुक मोठ्या तिरप्या अक्षरांत, बिघडलेले लहान तिरप्या अक्षरांत आणि प्रथिन सरळ अक्षरांत लिहितात. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नाही, त्यामुळे नुसते ‘सेक१८’ लिहिले तर वाचकाला काहीच कळत नाही. दर वेळी ‘सेक१८ जनुक’, ‘सेक१८ प्रथिन’, ‘बिघडलेले सेक१८ जनुक’ असे पूर्ण लिहावे. जागा जास्त जाते, ती जाऊ द्यावी.

तुमचे वाक्य मी असे लिहीन: ‘सेक१८ जनुकापासून बनणारे प्रथिन स्नेअरचे जुने पीळ उलगडते, त्यामुळे पुढच्या पुटिकांचे पटलाशी संमीलन होऊ शकते.’ जागा कमीच असेल तर: ‘पुटिकांच्या संमीलनासाठी सेक१८ जनुक आवश्यक आहे.’