निवृत्तीनाथही रडले होते

नाशिक

चि. लेकीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. द्राक्षबाग काढणीला आलेली असताना गारा पडल्या, व्यापाऱ्यानं सौदा मोडला, सोसायटीचं कर्ज तसंच आहे आणि वडील कुणाशी बोलत नाहीत. घरी येणारा जो तो म्हणतो, देव परीक्षा बघतोय. तू विचारतेस, मग मी नापास झाले का? कारण तुला रडू येतं, देवाचा राग येतो, हरिपाठ म्हणवत नाही.

उत्तराआधी एक काम कर. फवारणीची औषधं कुलपात टाक आणि किल्ली तुझ्याजवळ ठेव. वडिलांना रात्री मळ्यात एकटं राहू देऊ नकोस. जिवाचं काही मनात येतं का, असं त्यांना सरळ विचार. विचारल्यानं तो विचार बळावत नाही. 14416 हा टेलिमानसचा, मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. सिव्हिलमध्येही दाखवता येईल. डॉक्टरकडे जाणं म्हणजे देवावर अविश्वास, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस.

आता तुझा प्रश्न. त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या समाधीला आपण जातो, पौषवारीला दिंड्या येतात. त्यांचं आयुष्य मात्र एकदा नीट आठव. तेही तुझ्यासारखेच थोरले. वडील संन्यासातून परत संसारात आले म्हणून सगळं घर वाळीत. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, पळापळीत निवृत्ती चुकले आणि गुहेत त्यांना गहिनीनाथ भेटले, असं परंपरा सांगते. सांगणारे बहुतेक इथंच थांबतात. पण गुरू भेटला म्हणून घरावरचा बहिष्कार उठला नाही. पुढं आईवडिलांचं छत्र गेलं, शुद्धिपत्रासाठी भावंडांना पैठण गाठावं लागलं. कृपा झालेली होती आणि हालही चालूच होते.

1290 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली आणि 1296 मध्ये आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. ज्यांना ज्ञानदेव गुरू म्हणून जागोजागी वंदन करतात, ते निवृत्तीनाथ त्या वेळी कसे शोकाकुल झाले, ते नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत आहे. मग सोपानदेव सासवडला गेले, मुक्ताईही गेल्या. तिन्ही धाकट्यांना निरोप देऊन थोरले शेवटी त्र्यंबकला आले. ते रडले म्हणून त्यांची श्रद्धा कमी पडली, असं मी आजवर एकाही माळकऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. तुझ्याच रडण्याचा हिशेब वेगळा का लावायचा?

‘परीक्षा’ हे लोक म्हणतात ते मला पटत नाही. गारा माळकऱ्याच्या बागेवर पडल्या आणि शेजारच्या, देवाचं नाव न घेणाऱ्याच्या बागेवरही पडल्या. देवानं तुझ्या एकटीसाठी पेपर काढला असं मी मानत नाही. गारा तो चुकवील या आशेवर माझा भरवसा कधीच नव्हता. मणी तडकून खाली सडा पडलेल्या बागेतही तो आपल्याजवळ असतो, एवढ्यावर मी उभा आहे, आणि हे मी अगदी मनापासून लिहितोय.

राग आला तर त्यालाच सांग. जनाबाईनं विठ्ठलाला खुशाल शिव्या दिल्यात आणि वारकऱ्यांनी त्या जपून ठेवल्यात. हरिपाठ म्हणवत नसेल तर धाकट्याला म्हणू दे, तू नुसती शेजारी बस. तेवढं पुष्कळ आहे.

अमुक शांती केली की सगळं सुरळीत होईल, असं सांगणारेही आता घरी येतील. आईच्या मनात असेल तर बेतानं करा, पण त्यासाठी उसने पैसे मुळीच काढू नका. आधीच्या कर्जाचं काय करायचं ते वडिलांसोबत सोसायटीच्या सचिवांना भेटून बोला. पंचनाम्यात तुमचा गट नंबर आलाय का, हे तलाठ्याकडे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

एप्रिलच्या खरड छाटणीचं ठरलं की कळव, मी येतो. वडिलांशी मला निवांत बोलायचंय. तोवर रोज संध्याकाळी एक फोन करत जा, सांगण्यासारखं काही नसलं तरी.

तुझे सर