वाचकांचे प्रश्न : सगळ्यांच्या हाती कॅमेरा असताना छायाचित्रणाचा छंद कशासाठी?

प्रश्न : मी बँकेच्या नोकरीतून नुकताच निवृत्त झालो आहे आणि छायाचित्रणाचा छंद लावून घ्यावा, असे मनात आहे. मुलगा म्हणतो की मोबाइलच उत्तम फोटो काढतो, मग वेगळा छंद हवा कशाला? दुसरीकडे, एका दुकानात चौकशी केली तर कॅमेरा, लेन्स आणि इतर सामान मिळून लाखाच्या वर खर्च सांगितला. जो तो दिवसभर फोटो काढत असताना या छंदात आनंद तरी कोणता उरला आहे? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या चिरंजीवांचे म्हणणे एका अर्थी खरे आहे. हल्लीचा साधा मोबाइलही उजेड, रंग आणि स्पष्टता यांचा मेळ आपला आपण घालतो, आणि नातवाचा वाढदिवस टिपायला त्याहून अधिक काही लागत नाही. मात्र काम सोपे झाले की छंदातली गोडी संपते, ही शंका छायाचित्रणाच्या बाबतीत फार जुनी आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये या तंत्राची जाहीर घोषणा झाली आणि पुढच्या पंधरा वर्षांतच, १८५४ साली, मुंबईत हौशी व व्यावसायिक मंडळींची ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. त्या काळच्या पद्धतीत काचेवर रसायन चढवून ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे आणि सुकण्याआधी धुवावाही लागे, त्यामुळे बाहेरगावी जायचे तर काळोखा तंबू आणि रसायनांच्या बाटल्या बरोबर न्याव्या लागत. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे पेशाने डॉक्टर असूनही त्यांनी ही सारी यातायात केली. पुढे १८८८ मध्ये कोडॅकचा शंभर फोटोंचा रोल भरलेला कॅमेरा आला. रोल संपला की कॅमेराच कारखान्यात धाडायचा, धुण्या-छापण्याचे काम ते करून देत. काचा सांभाळणाऱ्या जुन्या जाणत्यांनी नाके मुरडली, पण हौशी लोक कमी झाले नाहीत, उलट वाढले.

माझ्या मते या छंदातला खरा आनंद निवडीत आहे, आणि ती निवड कधी करायची एवढेच काळानुसार बदलत गेले. आपल्याकडे अनेक घरांत अ‍ॅग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा होता. त्याच्या रोलवर बारा फोटो निघत, आणि गणपतीत घातलेला रोल दिवाळीपर्यंत पुरवायचा असल्यामुळे बटण दाबण्याआधीच दहा वेळा विचार होई. आता बटण दाबायला काहीच पडत नाही. म्हणून विचार नंतर करावा लागतो, आणि बहुतेक लोक तो करतच नाहीत. फोनमध्ये हजारो फोटो साठतात, त्यांतला एकही पुन्हा उघडला जात नाही. जो माणूस महिन्याच्या शेवटी निवांत बसून आपल्या दोनशे फोटोंतले पाच ठेवतो, आणि हेच पाच का, हे स्वतःला समजावून सांगू शकतो, त्याला हा छंद लागला असे खुशाल म्हणावे. निवड मात्र त्याच दिवशी करू नये, कारण फोटो काढताना झालेली धडपड आपल्याला त्या फोटोच्या प्रेमात पाडते. पंधरा दिवस जाऊ द्यावेत, म्हणजे फोटोत जे आहे तेवढेच दिसते.

तुम्ही सांगलीचे आहात, तेव्हा उदाहरणही तिथलेच घेतो. हळदीच्या गोदामात पत्र्याच्या फटीतून उन्हाचा पट्टा आत येतो आणि पोती हलली की त्यात पिवळी धूळ तरंगताना दिसते. हे दृश्य फोनवर टिपून पाहा. बहुधा निराशाच पदरी पडेल. समोरचे सगळे मध्यम उजेडाचेच असणार, हे गृहीत धरून कॅमेऱ्याचे गणित चालते. त्यामुळे काळोखे गोदाम तो उजळ करतो, आणि त्या भरात उन्हाचा पट्टा पांढराफटक पडतो. याच कारणाने कृष्णेच्या पाण्यात डुंबणारी काळीभोर म्हैस फोटोत राखाडी दिसते, आणि भर उन्हातले पांढरेशुभ्र धोतर मळकट येते. पडद्यावर त्या पट्ट्यावर बोट टेकवा आणि उजेड कमी करणारी खूण खाली ओढा. गोदाम पुन्हा काळोखे होईल आणि धूळ उठून दिसेल. यंत्राने ठरवलेला उजेड नाकारून आपल्याला हवा तो घेणे, इथून पुढची वाट सुरू होते. अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचे भोक), शटरचा वेग (उजेड किती वेळ आत येऊ द्यायचा ते) आणि आयएसओ (आलेल्या उजेडाला कॅमेरा किती दाद देतो ते) हे तीन शब्द ऐकून दडपण येते खरे, पण या तिघांनी मिळून फोटो किती उजळ यावा हे ठरवायचे, एवढाच त्यांचा मामला आहे.

आता एकाच जागी पुन्हा पुन्हा जाण्याविषयी. नवखे लोक कासच्या पठारावर किंवा भिगवणच्या रोहित पक्ष्यांकडे धाव घेतात, आणि परतल्यावर शेजाऱ्याच्या फोटोंसारखेच आपलेही फोटो आलेले पाहून हिरमुसतात. तुम्हाला कृष्णेवरचा आयर्विन पूल पायी जाण्याच्या अंतरावर असेल, तर वर्षभर तोच पूल धरा. तुमच्या अक्षांशावर जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेकडे उगवतो आणि डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेकडे. दोन्ही टोकांत जवळजवळ ५० अंशांचे अंतर पडते. म्हणजे पुलाच्या ज्या कमानी उन्हाळ्यातल्या सकाळी सावलीत असतात, त्यांवर हिवाळ्यात ऊन येऊ शकते. शिवाय पावसाळ्यात पाणी चढले की कमानींचा आकारच पालटतो. प्रवासखर्च शून्य, आणि सकाळचे फिरणे आपोआप होते, हा वरचा फायदा.

लोकांची वाहवा मिळावी म्हणून हा छंद लावून घेणार असाल, तर मात्र दमायला होईल. शिकागोमध्ये मुले सांभाळण्याची नोकरी करणाऱ्या व्हिव्हियन मायर या बाईंनी आयुष्यभर रस्त्यावरची माणसे टिपली आणि जवळजवळ कोणालाच दाखवली नाहीत; २००७ मध्ये त्यांच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा एक लाखाच्या आसपास निगेटिव्ह उजेडात येऊ लागल्या. त्यांचे कौतुक जगभर झाले. तरी त्यांचा कित्ता तुम्ही पूर्णपणे गिरवावा असे मी म्हणणार नाही, कारण त्यांतले कित्येक रोल त्यांनी धुऊनही घेतले नव्हते.

खर्चाचे थोडक्यात : पहिले सहा महिने हातातला फोनच वापरा. त्यानंतरही ओढ टिकली तर जुन्या बाजारातला एखादा चांगला कॅमेरा आणि ५० मिमी एफ १.८ (म्हणजे बराच उजेड आत घेणारी) ही लेन्स घ्या. बहुतेक कंपन्यांच्या यादीत ही सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते आणि कमी उजेडात छान साथ देते. उरलेल्या पैशांतून निवडलेल्या फोटोंच्या चार बाय सहाच्या प्रती छापून घ्या. दुकानदाराने सांगितलेली बॅग, फिल्टर आणि तिपाई सध्या दुकानातच राहू द्या.

प्रश्न : वडिलांचा जुना कॅमेरा कपाटात सापडला. लेन्सच्या आत पांढऱ्या तंतूंची जाळी दिसते. कॅमेरा वापरता येईल का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ती बुरशी आहे, आणि कोकणच्या दमट हवेत कातडी पेटीत, अंधाऱ्या कपाटात ठेवलेल्या लेन्सला ती हमखास धरते. लेन्समधून बॅटरीचा झोत सोडून पाहा. जाळी कडेला आणि पातळ असेल तर फोटोत फारसा फरक जाणवत नाही, पण ती दाट असेल तर उजेडाकडे तोंड करून काढलेले फोटो धुरकट येतात. जाणकार कारागीर लेन्स उघडून ती पुसून देऊ शकतो. मात्र बुरशीच्या आम्लाने काचेवरचा लेप खाल्ला असेल, तर तो डाग कायमचा राहतो. पुढची काळजी अशी, की कातडी पेटी बाजूला काढावी, आणि कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. आर्द्रता ४० ते ५० टक्के राखता आली तर उत्तम. साधा आर्द्रतामापक डब्यात ठेवता येतो. काही जण तांदळात कॅमेरा पुरतात, पण त्याने पिठाची धूळ आत शिरते. कापूर आणि डांबरगोळ्याही कॅमेऱ्याजवळ ठेवू नयेत. या सर्वांपेक्षा सोपा उपाय म्हणजे कॅमेरा दर आठवड्याला बाहेर काढून वापरणे.

प्रश्न : आषाढी वारीत फोटो काढायला जाते. आधी विचारले तर लोक फोटोसाठी सावरून बसतात, न विचारता काढला तर मनाला टोचते. काय करावे? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : विचारावे, आणि मग तिथेच थांबावे. सावरून बसलेला माणूस चार-पाच मिनिटांत कॅमेरा विसरतो आणि पुन्हा टाळ जुळवू लागतो किंवा भाकरी सोडतो. तुमचा फोटो त्यानंतरचा. रिंगणासारख्या गर्दीच्या प्रसंगी विचारणे शक्य नसते, तिथे हरकत नाही. धावता अश्व स्थिर हवा असेल तर शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवा. वेग दिसायला हवा असेल तर १/३० सेकंदावर कॅमेरा अश्वाबरोबर फिरवा, मात्र दहांतले नऊ फोटो फसतील हे धरून चाला. नदीकाठी स्नान करणाऱ्या स्त्रिया, थकून झोपलेली माणसे यांचे फोटो काढू नयेत, मग उजेड कितीही सुंदर असो. आणि कोणाला ‘फोटो पाठवते’ असे म्हणालात, तर गाव, दिंडीचा क्रमांक आणि फोन नंबर तिथल्या तिथे वहीत लिहून घ्या. अनेक ज्येष्ठ वारकऱ्यांकडे साधा फोन असतो, तेव्हा छापील प्रत टपालाने पाठवावी लागेल.