बी गळू द्या, मग वेचा

प्रश्न : ताई, कुडाळ तालुक्यात आमची वेंगुर्ला-४ जातीच्या काजूची बाग आहे. माकडांचा त्रास आणि चोरीची भीती, म्हणून आम्ही आकडीने बोंडू (बी ज्याच्या टोकाला लटकते ते रसाळ फळ) पाडून बी काढतो, दोन दिवस उन्हात टाकतो आणि गोणीत भरतो. व्यापारी मूठभर बी हातात घेतो, 'ओली आहे, पोचट आहे' म्हणतो आणि दर पाडतो. तो फसवतोय की आमचं काही चुकतंय?

उत्तर : व्यापाऱ्याशी हुज्जत नंतर घाला, आधी ती आकडी बाजूला ठेवा.

काजूत बी आधी वाढते आणि बोंडू मागून फुगतो. हिरवी बी डोळ्यांना पुरती वाढलेली दिसते, तेव्हा आतला गर अजून भरायचा असतो. पुढे टरफल कडक होतं, बी जराशी आकसते, हिरवेपणा जाऊन राखी रंग येतो आणि मग कुठे बोंडू भराभर फुगून लाल होतो. फळ धरल्यापासून इथवर साधारण दोन महिने जातात. म्हणून बोंडू आपणहून खाली पडला की बी तयार झाली, असं समजायचं. आकडीने ओढलं की तयार बीबरोबर चार कोवळ्याही येतात आणि त्या चार बिया सगळ्या गोणीचा दर खाली आणतात.

खात्री करायची तर बादलीभर पाण्यात थोडी बी टाकून बघा. भरलेली बुडते, पोचट तरंगते.

हंगामाआधी झाडाखालचा पाचोळा काढून जमीन साफ करा, म्हणजे पडलेली बी लगेच दिसते. वेचणी रोज करा, निदान एक दिवसाआड तरी. चोरीवर आणि माकडांवरही हाच त्यातल्या त्यात बरा उपाय आहे, कारण माकडं बोंडू खातात आणि तयार बी बहुतेक वेळा तिथेच टाकून जातात. बोंडू कुजून बीला चिकटला तर बुरशी धरते आणि टरफलावर डाग पडतात. बी पिळून काढा, म्हणजे बोंडूचा गर तिला लागून राहत नाही.

आता वाळवण. तुम्ही 'दोन दिवस' लिहिलंय, पण दिवस मोजून काजू वाळत नाही. झाडाखालच्या ताज्या बीत पाण्याचा अंश वीस टक्क्यांच्याही वर असू शकतो, तो आठ-नऊ टक्क्यांवर आणायचा असतो. कडक उन्हात दोन-तीन दिवस पुरतात, मळभ असेल तर जास्त लागतात. खळ्यात पातळ थर पसरा, दिवसातून तीन-चारदा हात फिरवा, संध्याकाळी गोळा करून झाका. रात्रीचं दव दिवसाची मेहनत वाया घालवतं. माझ्या सासूबाई बी कानाशी धरून हलवायच्या. आत गर खुळखुळला आणि टरफलावर नख उमटलं नाही, तरच त्या 'भरा' म्हणायच्या. मी आजही तसंच करते.

उन्हातली गरम बी लगेच गोणीत भरू नका, तिला आत घाम सुटतो. सावलीत गार होऊ द्या. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, गोणपाट घ्या आणि भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचा. वेंगुर्ला-४ ची आणि गावठी बी एकत्र करू नका. मोठी, एकसारखी बी वेगळी दाखवली, तर दराचं बोलणं तुमच्या बाजूने सुरू होतं.

हिरवी बी काढायचीच असेल, तर ओल्या काजूगरांसाठी ठरवून काढा. उसळीसाठी लोक चांगला भाव देतात. पण तो व्यवहार निराळा, सुक्या बीच्या गोणीत त्याची सरमिसळ नको. सोलताना हातांना खोबरेल तेल किंवा राख लावा. चिकाने कातडी अक्षरशः भाजते, बायामाणसांचे हात मी पाहिलेत. मजुरांना हातमोजे देणं हा मला बागमालकाचा धर्म वाटतो.

प्रश्न : बोंडू फुकट जातात. काही करता येईल का? (दोडामार्ग)

उत्तर : येईल, पण त्याच दिवशी. बोंडू दुसऱ्या दिवशी आंबतो. सरबतासाठी जमिनीवर आपटून फुटलेले नकोत, अखंड आणि ताजे निवडा. घशाला होणारी खवखव त्यातल्या टॅनिनमुळे असते. रसात साबुदाण्याची पातळ खळ मिसळून तो ठेवला की टॅनिन तळाशी बसतं, वरचा नितळ रस घ्यायचा. शेजारच्या गोव्यात फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे मात्र तोच बोंडू झाडाखाली कुजतो, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : हापूस झाडावरच पिकू द्यावा का? साका (गरात पडणारा पांढरट, स्पंजासारखा भाग) फार निघतो. (देवगड)

उत्तर : मुळीच नाही. काजूचा नियम हापूसला लावू नका. झाडावर जास्त राहिलेल्या फळात साका वाढतो. चौदा आणे, म्हणजे साधारण ८५ टक्के, तयार झाला की काढा. खांदे देठाच्या वर उचललेले दिसतात आणि देठाशी खळगा पडतो. सकाळी, नूतन झेल्याने (पातं आणि जाळी लावलेल्या काठीने), चार-पाच सेंटिमीटर देठ ठेवून काढा, म्हणजे चीक सालीवर ओघळत नाही. आणि फळ तापलेल्या कातळावर टेकवू नका, थेट सावलीतल्या क्रेटमध्ये ठेवा.